मास्तरांचा झाकलेला डोळा

मास्तरांना दोन डोळे होते, हे आमच्या गल्लीत मला एकट्यालाच ठाऊक होतं. सोलापुरातली बाकी सगळी भवानी पेठ त्यांना काणा समजत होती. डाव्या डोळ्यावर ते छत्रीच्या काळ्या कापडाची जाड पट्टी बांधत, तिच्या कडांना कापूस भरत, आणि दिवसाउजेडी ती पट्टी कधी म्हणून सोडत नसत. कामाला निघालेल्या माणसाला काणा आडवा गेला की काम फिसकटतं, अशी समजूत. त्यामुळे मास्तर रस्त्यात दिसले की सुताचं गाठोडं घेऊन निघालेले विणकर पुन्हा घरात शिरत आणि पाणी पिऊन मग बाहेर पडत.

मास्तरांना याचा राग नव्हता. उलट शाळेला निघताना ते उंबऱ्यात उभे राहून मोठ्यानं खोकत. ज्याला आडोसा घ्यायचा त्यानं घ्यावा. आमचे घरमालक अप्पा ज्वारीचे आडते होते, घरात कानडी बोलत आणि आमच्याशी मराठी. ते दाराआडूनच ओरडायचे, "येन्री मास्तर, खोकून झालं का? मग जावा की लौकर. मलाबी आडतीला जायाचंय." मास्तर जाईपर्यंत ते बाहेर येत नसत. पण संध्याकाळी त्याच दारातून मास्तरांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न चुकता जायची. अपशकुन सकाळपुरता असतो, असा अप्पांचा हिशेब असावा.

मी तेव्हा विशी ओलांडलेला, हायस्कुलात शिक्षक म्हणून नुकताच लागलेला. मास्तर तिथेच चित्रकला शिकवत. अप्पांच्या मागच्या अंगणाला लागून आमच्या दोघांच्या खोल्या होत्या, मध्ये एक भिंत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चालायची. आमचे गणिताचे शिक्षक म्हणायचे, "आज इन्स्पेक्टरसाहेब यायचेत. मास्तर, तुम्ही जरा मागच्या फाटकानं या, म्हणजे आमच्या नोकऱ्या राहतील." मास्तरही हसत. मीही हसायचो. त्यांच्या पट्टीखाली काय आहे हे माहीत असूनही हसायचो. काणा म्हणवून घेणाऱ्या माणसाचा मित्र म्हणून उभं राहण्याची छाती माझ्यात नव्हती. हे आज लिहिताना सोपं वाटतं.

"सांगून का टाकत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं तर बघायला मागतील," ते म्हणाले. "बघायला मागितलं तर पट्टी सोडावी लागेल. सोडली की सांडलं सगळं."

"काय सांडलं?"

"अंधार."

मास्तर मूळचे किनाऱ्यावरचे. तरुणपणी ते समुद्राची खोली मोजणाऱ्या एका सरकारी जहाजावर चित्रं काढायच्या कामाला होते. जहाज भर समुद्रात थांबायचं, जाळं खोल सोडायचं, आणि ते वर यायला निम्मा दिवस लागायचा. वर आलेल्या माशांचे रंग विरायच्या आत मास्तरांनी चित्र पुरं करायचं. त्या माशांबद्दल ते बोलू लागले की त्यांचा आवाज खाली जायचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलं आहे.

"आपल्या डोळ्यात दोन तऱ्हेचे कण असतात," ते सांगत. "काही शंकूसारखे, ते दिवसाचे. रंग त्यांना कळतात. काही काडीसारखे, ते अंधाराचे. त्यांना रंग कळत नाही, पण उजेडाचा कण न् कण कळतो. त्या माशांनी दिवसाचे कण टाकून दिलेत. नुसत्या काड्या. एकीला एक लागून, थरावर थर. पुढं गोटीएवढं गोल भिंग, डोळ्याबाहेर आलेलं. आणि काहींच्या मागं चांदीसारखा पडदा, म्हणजे निसटलेला उजेड परत फिरून पुन्हा त्या काड्यांवर पडतो."

सोलापुरात पाण्याची टंचाई कुणाला नवी नाही. मास्तर तीच उपमा द्यायचे. "डोळा म्हणजे खिडकी नव्हे, रांजण आहे. तुम्ही लोक पाणी साठवता तसा तो मासा उजेड साठवतो. थेंब थेंब."

एका माशाचं चित्र त्यांनी खोलीत टांगलं होतं. काळ्या कागदावर पांढऱ्या खडूनं काढलेलं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना नव्हते. दोन आखूड नळ्या, शेजारी शेजारी, सरळ वर तोंड करून बसवलेल्या. मला ते चित्र बघवत नसे. मासा आपल्याकडे बघत नाही, आपल्या डोक्यावर जे काही आहे त्याकडे बघतो आहे, असं वाटायचं आणि मान आपोआप वर जायची. वर कौलं.

"त्याला खालचं काही नको," मास्तर म्हणाले. "वरून जी काय फिकट निळी छटा झिरपते, तिच्यावर कुणाची सावली सरकली की त्याचं भक्ष्य. तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. नुसता आकार."

"आणि जिथं ती छटाही पोचत नाही तिथं?"

"तिथं दोनच रस्ते. काहींचे डोळे आणखी मोठे, दुसऱ्याच्या अंगावरचा एखादा दिवा दिसावा म्हणून. आणि काहींनी डोळा सोडून दिलाय. एवढासा ठिपका, वरून कातडं आलेलं." त्यांनी बोट आपल्या पट्टीवर ठेवलं. "तिथं मधला रस्ता नाही."

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, बाहेर उन्हानं रस्ते ओस पडलेले असताना, मास्तर खोलीचं दार लावून घेत. दाराच्या फटींत चिंध्या, कौलांच्या फटींत शेण. मग ते पट्टी सोडत. या बैठकीला त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी उत्सुकतेनं गेलो. दार लागल्यावर मला माझा हातसुद्धा दिसेना. उकाड्यानं घाम गळत होता. मास्तर कुठे बसलेत हेही कळेना. मग अगदी शांतपणे ते म्हणाले, "तुम्ही ओठावर बोट ठेवलंय."

मी ठेवलं होतं.

"आता काढलंत." थोड्या वेळानं, "आता तुम्ही दाराकडं बघताय. घाबरू नका. कडी तुमच्या हाताशीच आहे."

मी हसल्यासारखं केलं. "आता हसलात," ते म्हणाले, "पण डोळे हसले नाहीत." त्या अंधारात कुणीतरी मला माझ्यापेक्षा जास्त बघत होतं. बाहेर आल्यावर उन्हात उभं राहून मी अंग चोळलं.

ते असं का करत, हे त्यांनी एकदाच सांगितलं. जहाजावर एक मासा जिवंत वर आला होता. बहुतेक मेलेलेच येत, वरच्या हलक्या पाण्यात त्यांच्या पोटातली हवा फुगून आतडी तोंडाशी आलेली असत. हा मात्र बादलीत कल्ले हलवत होता. चित्र नीट यावं म्हणून मास्तरांनी कंदील त्याच्या डोळ्यापाशी नेला. "सात पिढ्यांत त्याच्या घराण्यात कुणी तेवढा उजेड पाहिला नसेल. डोळा माझ्यासमोर दुधासारखा झाला. चित्र उत्तम आलं. साहेबांनी पाठ थोपटली." त्यानंतर त्यांनी जहाज सोडलं आणि समुद्रापासून जमेल तितकं लांब येऊन राहिले. एक डोळा त्यांनी उजेडाला द्यायचाच बंद केला. मला हे वेडच वाटायचं. अजूनही वाटतं. पण वेडाचा उपयोग व्हायची वेळ येते, तेव्हा शहाण्यांनी काय करावं हे मला कळलं नाही.

त्यांना घाबरत नसलेला एकच माणूस आमच्याकडे होता. अप्पांचा हमाल बिरू, सांगोल्याकडचा धनगर. मेंढरं दुष्काळात गेली म्हणून बायको हिराला घेऊन शहरात आलेला. तो मुद्दाम सकाळी मास्तरांच्या वाटेत उभा राहायचा. "या मास्तर, आडवं जावा. तुमी आडवं गेला की माझं पोतं हलकं हुतंय." मास्तर खरंच त्याच्यासमोरून आडवे जात. हिरा कपाळाला हात लावायची. "कशाला दैवाशी खेळतुयास रं?" बिरू म्हणायचा, "दैव काय, मास्तर हायती ते."

मागच्या अंगणात अप्पांची ज्वारीची पेवं होती. पेव म्हणजे मुरमात खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठ्या रांजणासारखं सुटलेलं. कडब्याचा थर देऊन ज्वारी भरायची, फरशी ठेवून माती लिंपायची. बंद पेवात हवा विषारी होते, म्हणून उघडल्यावर ते रात्रभर तसंच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कंदील सोडून बघतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा.

उन्हाळ्यात असंच एक पेव उघडून रात्रभर ठेवलं होतं. बरीचशी ज्वारी त्यातून आधीच काढलेली होती, तळाशी राहिलेली ओलीनं आंबली होती. दुसऱ्या दुपारी अप्पांनी दोरीला कंदील बांधून सोडला, तो निम्म्यातच विझला. वर ओढताना गाठ सुटली आणि कंदील आत पडला. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उद्या काढू." बिरूनं घोंगडी काढून हिराच्या अंगावर टाकली. "श्वास धरून जातो की. दोन पुरुष तर खोल हाय." आम्ही ऐकेपर्यंत तो उतरला होता. मी तेव्हा शाळेतून आलो होतो, मास्तर माझ्या मागून अंगणात शिरत होते.

आत धप्प आवाज आला. मग काही नाही.

अप्पांनी हाका मारल्या. दुसरा हमाल उतरायला निघाला, त्याला अप्पांनी कमरेला मिठी मारून धरलं. "एक गेला तो गेला, दुसरा न्हाय जाऊ देणार." दुसरा कंदील सोडला, तोही विझला. घरातला आरसा आणून ऊन आत पाडलं, तर भुशाचा धुरळा लखलखला आणि त्याच्या पलीकडे आणखीच काळं झालं. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला, पण बिरू कुठल्या अंगाला पडलाय हेच दिसेना. गळ नुसता मुरमावर खरवडत होता.

मास्तर पुढे आले. कुणीतरी "हितं नका येऊ" म्हणालं. त्यांनी पट्टी सोडली आणि पापणी मिटूनच पेवाच्या तोंडाशी पालथे झाले. "घोंगडी घाला माझ्यावर," ते म्हणाले. "कडा दाबून धरा. विणीतून येईल तेवढा उजेड मला पुरे. काही झालं तरी घोंगडी हलवू नका."

एका बाजूनं कड मी धरली. दुसऱ्या बाजूनं हिरानं. घोंगडीच्या आतून मास्तरांचा आवाज आला, तोच, दुपारच्या बंद खोलीतला.

"दिसतोय. डाव्या अंगाला, पोटाच्या आत. पाठीवर पडलाय." मग थांबून, "डोळे उघडे आहेत. वर बघतोय. पापणी हलली."

हिरा कड धरून पुढे वाकली. मास्तर सांगत गेले तसा अप्पांनी घोंगडीखालून गळ सोडला. हळू. डावीकडं. अजून. आता थांबा. खाली. ओढा. गळ बिरूच्या कमरेच्या पटक्यात बसला. दोरी ताणली, जड झाली. आम्ही सगळे दोरीकडे बघत होतो. "उचलला," मास्तर म्हणाले. "मान लोंबतेय. तोंडाच्या कडेला लागेल. जरा उजवीकडं, जरा…"

त्याच क्षणी घोंगडी निघाली.

माझ्या हातातली कड वर आली होती. मला बिरूला बघायचं होतं. तो जिवंत आहे हे मास्तरांच्या तोंडून ऐकून मला पुरेना. मी कड उचलली, आणि पुढच्या क्षणाला घोंगडी मास्तरांच्या पाठीवर गोळा होऊन पडली होती. वैशाखातलं चारचं ऊन. मास्तरांनी हुंकार दिला आणि डोळ्यावर हात दाबला. त्यांची सूचना थांबली. बिरूचा खांदा पेवाच्या गळ्याला अडकला, अप्पांनी दोरी ओढली, पटका फाटला. पुन्हा तो धप्प आवाज.

"घाला, पुन्हा घाला," मास्तर म्हणाले. आम्ही घातली. घोंगडीखाली ते मान इकडून तिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "नुसतं पांढरं आहे. काही दिसत नाही." डोळ्यात अंधार भरायला अर्धा तास लागतो, आणि सांडायला पापणी हलायचा वेळ, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. अर्धा तास बिरूकडे नव्हता. आंधळेपणानं गळ सोडून सोडून बिरूला वर काढला तेव्हा तो गार पडला होता.

अंगणात जमलेल्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांचा डावा डोळा पाहिला. पट्टीखाली राहून भोवतीची कातडी पांढुरकी पडलेली, डोळा लाल, पाणी गळत असलेला. दोन डोळे आहेत म्हणून कुणाला बरं वाटलं नाही. उलट बोलणं असं झालं, की काणा होता ते परवडलं, तो डोळा झाकलेला होता ते बरंच होतं, त्यानं वाकून बघितलं आणि चालता बोलता माणूस गेला. पोलीस आले तेव्हा मास्तरांनी सांगितलं, "गळ माझ्या सांगण्यावर चालला होता. ऐन वेळी माझी नजर गेली." ती का गेली हे त्यांनी सांगितलं नाही. मी तिथेच उभा होतो. मीही सांगितलं नाही.

पालकांच्या तक्रारी गेल्या आणि शाळेनं मास्तरांना मोकळं केलं. गल्लीतलं कुणी आता आडोसाही घेईना. लोक दारं लावून आतच बसत. अप्पांकडून भाकरी येत राहिली, पण ती उंबऱ्यावर ठेवून माणूस पळून जाई.

ते निघाले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. पट्टी नव्हती. दोन्ही डोळे उघडे. मला तो चेहरा ओळखीचाच वाटेना. मी बोलायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "कुणाच्या हातानं घोंगडी निघाली ते मला दिसलंय. मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका."

मला विचारायचंच नव्हतं. मला वाटलं, ते मला वाचवताहेत. मी त्यांच्या पाया पडलो आणि गप्प राहिलो. तेही उंबऱ्यात न खोकता निघून गेले. पुन्हा त्यांची काही खबर आली नाही.

त्यानंतर मी संसार केला, बढती घेतली, मुलं मोठी केली. अंधाऱ्या खोलीत शिरलो की मी अजून हात खिशात घालतो. हिरा अंगणातून निघून गेली होती. ती कुर्डुवाडीला असते, तिचा मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात लागलाय, हे मला फार उशिरा कळलं. परवा मी गेलो. दारात शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झालेले.

"वळखलं न्हाय," ती म्हणाली. मग, "धाकलं मास्तर व्हय. बसा."

बसलो. पाठ केलेलं एका दमात सांगून टाकलं. की घोंगडी मी उचलली. की मास्तर निर्दोष होते. की मी इतकी वर्षं गप्प राहिलो.

हिरा शेंगा फोडत राहिली. "तुमी कड उचलली आसंल," ती म्हणाली. "घोंगडी मी वडली."

मी तिच्या हातांकडे बघितलं.

"दोनी हातांनी वडली. 'डोळं उगडं हायती' म्हनाले की मास्तर. मग मला धीर धरवना." तिनं फोलपटं बाजूला सारली. "मास्तरनी मागं वळून माझ्या हाताकडंच बघितलं. मला वाटलं, आता सांगत्याल. सगळ्यांनी त्येंच्या नावानं खडं फोडलं, पर सांगितलं न्हाय. मीबी न्हाय सांगितलं."

स्टेशनकडून शंटिंगचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "घोंगडी निगाली तवा त्यो वर बघत हुता. मी त्येला दिसले आसंन का हो?"

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "दिसल्या असाल."

तिचे हात थांबले. "मग त्येला कळलं आसंल. मीच वडली म्हून."

माझी चूक माझ्या लक्षात आली. मी घाईनं म्हणालो, "नाही. तसं नसतं. खालून बघणाऱ्याला, उजेड आपल्या पाठीमागं असला की तोंड दिसत नाही. नुसता काळा आकार दिसतो. बाई का पुरुष, तेही कळत नाही."

"खरं सांगताय?"

"खरं. हे मास्तरांनी शिकवलेलं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"मग त्यो आकार तुमचाबी आसंल," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "माझाही असेल."

तिनं सूप माझ्याकडे थोडं सरकवलं. मी शेंगा फोडू लागलो.